गॅलरीत फोटो दिसतो पण उघडत नाही? हरवलेल्या फाइल शोधून फोटो लायब्ररी कशी दुरुस्त करायची

गॅलरी उघडली, छोटा फोटो दिसला, बोट ठेवलं आणि समोर आली काळी स्क्रीन. किंवा करड्या रंगाचा चौकोन आणि त्यावर उद्गारचिन्ह. किंवा व्हॉट्सअ‍ॅप म्हणतं की ही फाइल तुमच्या स्टोरेजमध्ये नाही. मित्रांनो, हा प्रकार जवळपास प्रत्येकाच्या फोनमध्ये कधी ना कधी होतो. मग घाईघाईत आपण काहीतरी क्लीनर अ‍ॅप टाकतो, 'फॉर्मॅट' दाबतो किंवा ते करडे चौकोन सिलेक्ट करून डिलीट करतो. जे वाचू शकलं असतं तेही बऱ्याचदा तिथेच जातं.

घरातल्या आणि ओळखीतल्या लोकांचे असे बरेच फोन माझ्याकडे येतात. त्यातून एक नियम पक्का झाला आहे: फाइल सापडेपर्यंत तिची नोंद पुसायची नाही. तो करडा चौकोन हरवलेल्या फोटोचा पत्ता असतो. असं का, आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची, ते या लेखात पाहूया.

## गॅलरी म्हणजे फोटो नव्हे, फोटोंची यादी

लायब्ररीत पुस्तकं कपाटात असतात आणि त्यांची नोंद रजिस्टरमध्ये. फोनमध्येही तसंच आहे. तिथे तीन वेगळ्या गोष्टी असतात.

मूळ फाइल: म्हणजे खरा फोटो. कॅमेऱ्याने काढलेले फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये जातात. फोटो कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने काढला आणि लोकेशन चालू असेल तर कुठे काढला, ही माहिती फाइलच्या आतच लिहिलेली असते. तिला एक्झिफ म्हणतात.

यादी: अँड्रॉइडमध्ये मीडियास्टोअर नावाचा डेटाबेस असतो. कोणत्या फोल्डरमध्ये कोणता फोटो आहे, त्याचं नाव, तारीख आणि आकार काय, हे त्यात नोंदवलेलं असतं. गॅलरी अ‍ॅप दर वेळी अख्खं स्टोरेज चाळत बसत नाही, ही यादी वाचतं. काही गॅलरी अ‍ॅप स्वतःची वेगळी यादीही ठेवतात.

थंबनेल: म्हणजे फोटोची छोटी प्रत. गॅलरी भराभर स्क्रोल व्हावी म्हणून ती आधीच बनवून ठेवलेली असते.

आता कोडं सुटतं. मूळ फाइल गेली पण यादी आणि थंबनेल मागे राहिलं, तर फोटो 'दिसतो पण उघडत नाही'. उलटही होतं. फाइल जागेवर असते, पण यादीतली नोंद उडालेली असते. मग फोटो गॅलरीत दिसतच नाही आणि आपण तो गेला असं धरून चालतो.

## आधी हे अजिबात करू नका

१. करडे चौकोन डिलीट करू नका. ते गेले की कोणते फोटो शोधायचे हेच कळणार नाही.

२. मेमरी कार्ड खराब आहे, फॉर्मॅट करा, असा मेसेज आला तर फॉर्मॅट करू नका. कार्ड काढून बाजूला ठेवा.

३. ज्या फोनमधून किंवा कार्डमधून फोटो गेले, त्यावर नवे फोटो काढू नका, गाणी भरू नका. डिलीट झालेल्या फाइलची जागा 'रिकामी' धरली जाते आणि नवा डेटा तिथेच बसतो.

४. क्लीनर अ‍ॅप चालवू नका. थंबनेल हा त्यांच्या दृष्टीने कचरा असतो. तुमच्याकडे कदाचित तेवढंच उरलेलं असेल.

५. गॅलरी किंवा गूगल फोटोज अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकू नका, डेटा क्लिअर करू नका. गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये बॅकअप नसलेले फोटो असतील, तर ते त्यातच उडतील.

## पहिली पायरी: काय काय हरवलंय ते लिहून काढा

हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्धी दुरुस्ती इथेच होते. अल्बममध्ये जा आणि करड्या चौकोनांच्या पानांचे स्क्रीनशॉट काढा. जिथे थंबनेल अजून दिसतंय तिथे तर स्क्रीनशॉट हवाच. हे स्क्रीनशॉट लगेच दुसऱ्या फोनवर पाठवा आणि या फोनमधून काढून टाका. मग चार-पाच फोटोंवर जाऊन 'डिटेल्स' किंवा 'इन्फो' उघडा. नाव, तारीख आणि फोल्डरचा पत्ता वहीत लिहा. सगळ्यात महत्त्वाचा तो पत्ता. त्यात 'एसडी कार्ड' असं किंवा कार्डचा नंबर दिसला, तर फोन चाळून काही मिळणार नाही, कार्ड शोधा.

नावावरूनही पुष्कळ कळतं. आयएमजी, त्यापुढे आठ आकडी तारीख आणि मग सहा आकडी वेळ असेल, तर तो बहुधा फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो. तारखेनंतर डब्ल्यूए आणि चार आकडे असतील, तर तो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला किंवा पाठवलेला. म्हणजे तो फोटो कुणाच्या तरी चॅटमध्ये असण्याची शक्यता आहे.

एक उदाहरण सांगतो. माझ्या आत्येभावाच्या फोनमध्ये 'आजोबा' नावाचा अल्बम होता, २१२ फोटोंचा. आजोबा आता नाहीत, आणि त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतले बहुतेक फोटो त्यातच होते. फोनमधली जागा भरली म्हणून त्याने तो अल्बम मेमरी कार्डवर हलवला होता. काही महिन्यांनी कार्ड वाचणं बंद झालं आणि २१२ फोटोंचे २१२ चौकोन झाले. बरं झालं, त्याने फॉर्मॅटही केलं नाही आणि चौकोनही पुसले नाहीत. त्यामुळे आमच्याकडे २१२ तारखांची यादी होती. पुढचं सगळं तिच्या जोरावर झालं.

## दुसरी पायरी: फाइल फोनमध्येच लपली आहे का?

आधी फोन रीस्टार्ट करा. कार्ड असेल आणि ते एरवी ठीक चालत असेल, तर फोन बंद करून कार्ड काढा, पुन्हा नीट बसवा. एवढ्यावर फोटो परत आले, तर बिघाड फक्त यादीचा किंवा कार्डच्या संपर्काचा होता. नाही आले तर फाइल मॅनेजर उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये लपलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय चालू करा आणि या जागा बघा.

ट्रॅश: अँड्रॉइड ११ पासून डिलीट केलेला फोटो सहसा लगेच नष्ट होत नाही. फाइलच्या नावाआधी टिंब आणि 'ट्रॅश्ड' हा शब्द लागतो, त्यापुढे एक लांबलचक आकडा आणि मग मूळ नाव. तो आकडा म्हणजे फाइल कायमची जाण्याची वेळ. साधारण ३० दिवस मिळतात. गॅलरीच्या ट्रॅशमधून 'रिस्टोअर' दाबलं की काम झालं. गॅलरी, फाइल मॅनेजर आणि गूगल फोटोज या तिघांचेही ट्रॅश तपासा.

नोमीडिया फाइल: एखाद्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी 'नोमीडिया' नावाची रिकामी फाइल असेल, तर अँड्रॉइड त्या फोल्डरमधले फोटो यादीत घेतच नाही. एखादं अ‍ॅप किंवा आपणच कधीतरी 'अल्बम लपवा' म्हणतो आणि विसरतो. फोल्डरमधले फोटो फाइल मॅनेजरमध्ये दिसतात पण गॅलरीत नाहीत, तर बहुधा हेच कारण. ते फोटो दुसऱ्या साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा, दिसू लागतील.

व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर: नव्या फोनमध्ये ते अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या नावाचं फोल्डर, अशा आतल्या जागी असतं. तिथे 'व्हॉट्सअ‍ॅप इमेजेस'मध्ये 'सेंट' आणि 'प्रायव्हेट' ही दोन उपफोल्डर बघा. आपण पाठवलेल्या फोटोंच्या प्रती 'सेंट'मध्ये असतात. ज्या चॅटची 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद आहे, त्यातले फोटो 'प्रायव्हेट'मध्ये.

फाइल आहे, पण आकार शून्य: डिटेल्समध्ये आकार ० दिसला, तर कॉपी होताना मध्येच केबल निघाली असेल किंवा जागा संपली असेल. ही फाइल दुरुस्त होत नाही, कारण आत काहीच नाही. मूळ प्रत जिथून हलवली, तिथे शोधा.

आकार ठीक, पण उघडत नाही: आयफोनमधून आलेला फोटो असेल, तर तो एचईआयसी प्रकारचा असू शकतो. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन हा प्रकार वापरतो. जुन्या फोनला किंवा लॅपटॉपला तो वाचता येत नाही. फोटो शाबूत असतो, फक्त दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडा किंवा जेपीजीमध्ये बदलून घ्या.

## तिसरी पायरी: क्लाउड आणि नातेवाईक

गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' नावाचं बटण आहे. बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती ते काढून टाकतं. त्यानंतर फोनच्या साध्या गॅलरीत फोटो दिसत नाहीत, पण खात्यात सुरक्षित असतात. म्हणून गूगल फोटोज उघडा आणि वर उजवीकडे कोणतं खातं चालू आहे ते बघा. कॉलेजचं एक, घरचं एक आणि जुन्या फोनवरचं एक, अशी तीन खाती अनेकांची असतात. फोटो तिसऱ्यातच निघतात. आर्काइव्ह आणि ट्रॅशही बघा. बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत मिळतात. ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. आणि जे खातं दोन वर्षं वापरलंच नाही, ते गूगल डिलीट करू शकतं. जुन्या खात्यात फोटो असतील, तर आजच एकदा लॉगिन करा.

आणखी एक गैरसमज दूर करतो. बॅकअप चालू असताना गूगल फोटोजमध्ये फोटो डिलीट केला, तर तो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. आयफोनच्या आयक्लाउड फोटोजचंही तसंच आहे. सिंक म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं.

मग नातेवाईकांकडे वळा. फॅमिली ग्रुपवर नुसतं 'कुणाकडे फोटो आहेत का' असं विचारलं, तर फारसं कुणी शोधत नाही. तारीख सांगा: '१४ जानेवारीला संक्रांतीला काढलेले, अंगणातले.' ग्रुपच्या 'मीडिया' विभागात महिन्यानुसार फोटो दिसतात, त्यामुळे शोधणं सोपं जातं. आमच्या २१२ पैकी २२ फोटो आत्याच्या गूगल फोटोजमध्ये निघाले आणि ३६ वेगवेगळ्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. तारखांची यादी नसती, तर एवढे मिळाले नसते. मागवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी दाबून लहान करतं.

## चौथी पायरी: मेमरी कार्डमधून परत मिळवणं

इथे एक फरक नीट समजून घ्या. फोनच्या आतल्या स्टोरेजमधून कायमचे डिलीट झालेले फोटो परत मिळणं जवळपास अशक्य आहे. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या फोनपासून स्टोरेज एन्क्रिप्ट करणं बंधनकारक आहे. फाइल डिलीट झाली की तिची किल्लीही जाते. त्यामुळे 'डिलीट झालेले सगळे फोटो परत आणा' म्हणणारी बरीचशी अ‍ॅप फोनमध्ये उरलेली थंबनेल तेवढी गोळा करून दाखवतात आणि पैसे मागतात. त्यांच्या नादाला लागू नका.

मेमरी कार्डचं तसं नाही. ते साधं वापरलं असेल, तर डेटा एन्क्रिप्ट नसतो. मात्र कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून फोनला जोडलं असेल, तर ते त्याच फोनमध्ये वाचता येतं. तेव्हा फोन रीसेट करू नका.

साध्या कार्डसाठी क्रम असा:

१. कार्ड रीडरने लॅपटॉपला जोडा. विंडोजने 'फॉर्मॅट करायचं का' विचारलं, तर नाही म्हणा.

२. शक्य असेल तर आधी संपूर्ण कार्डची इमेज फाइल बनवा. त्यासाठी विन३२ डिस्क इमेजर हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात 'रीड' बटण दाबायचं. 'राइट' चुकूनही नाही, त्याने कार्डवरचंच पुसलं जाईल.

३. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर त्या इमेजवर चालवा. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर ते चालतं.

४. सापडलेले फोटो लॅपटॉपवर सेव्ह करा. त्याच कार्डवर कधीच नाही.

फोटोरेक यादी वाचतच नाही. प्रत्येक जेपीजी फाइल ठरावीक बाइट्सनी सुरू होते. ती खूण शोधत ते अख्खं कार्ड चाळतं आणि फाइल उचलतं. म्हणूनच यादी बिघडली तरी फोटो मिळतात. पण त्याची किंमत मोजावी लागते: मूळ नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावांनी समोर येतात, त्यात अ‍ॅपची चित्रंही असतात. आमच्या कार्डमधून असाच ढीग निघाला. फोटोंच्या आतल्या एक्झिफ तारखा आणि वहीतली यादी जुळवत गेलो, तेव्हा आजोबांचे १३१ फोटो वेगळे झाले. एक संध्याकाळ गेली, पण फोटो मिळाले.

कार्ड लॅपटॉपला दिसतच नसेल, तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. मग डेटा रिकव्हरीच्या दुकानातच जावं लागेल. आधी तपासणीचे किती आणि फोटो मिळाले नाहीत तर किती, हे विचारून घ्या.

एक इशारा. स्वस्तात मिळालेलं मोठ्या क्षमतेचं कार्ड बनावट असू शकतं. वर २५६ जीबी लिहिलेलं आणि आत फारच कमी जागा. ती जागा भरेपर्यंत सगळं छान चालतं. पुढचे फोटो यादीत दिसतात, पण फाइल रिकाम्या किंवा तुटक्या निघतात. नवं कार्ड रिकामं असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने तपासून घ्या.

## आयफोन आणि लॅपटॉपवरची लायब्ररी

आयफोनमध्ये 'रिसेंटली डिलीटेड' अल्बममध्ये फोटो ३० दिवस राहतात. फोटो दिसतो पण धूसर, आणि लोडिंगचं चक्र फिरत राहतं, असं असेल तर घाबरू नका. 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू असताना फोनमध्ये छोटी प्रत राहते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर. वायफाय जोडा, थोडा वेळ द्या.

मॅकवरच्या फोटोज अ‍ॅपमध्ये दुरुस्तीची सोय आहे. अ‍ॅप बंद करा, ऑप्शन आणि कमांड ही दोन बटणं दाबून धरा आणि अ‍ॅप उघडा. 'रिपेअर' दाबा. त्याआधी लायब्ररीची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. हे साधन यादी दुरुस्त करतं, हरवलेली मूळ फाइल घडवू शकत नाही.

लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांना फोटोवर उद्गारचिन्ह दिसतं. बहुतेक वेळा फोल्डर लाइटरूमच्या बाहेरून हलवलेलं किंवा नाव बदललेलं असतं. चिन्हावर क्लिक करून एका फोटोची नवी जागा दाखवा आणि जवळचे हरवलेले फोटोही शोधण्याचा पर्याय निवडा. आख्खं फोल्डर एकदम जोडलं जाईल. नोंद काढून फोटो पुन्हा इम्पोर्ट करू नका. केलेलं एडिटिंग आणि रेटिंग त्या नोंदीतच असतं.

## पाचवी पायरी: यादी पुन्हा बांधा

मिळेल ते सगळं मिळालं, त्याची दुसरी प्रतही झाली, मगच यादीला हात लावा. परत आणलेले फोटो डीसीआयएममध्ये नव्या फोल्डरमध्ये टाका आणि फोन रीस्टार्ट करा. तरी गॅलरीत दिसले नाहीत, तर सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग सिस्टिम अ‍ॅप्स दाखवा, तिथे 'मीडिया स्टोरेज' शोधा. काही फोनमध्ये त्याचा डेटा क्लिअर करता येतो. त्यानंतर फोन यादी नव्याने बांधतो. हजारो फोटो असतील तर वेळ लागतो, आणि रिंगटोन पुन्हा निवडावी लागू शकते. म्हणून हा उपाय शेवटचा.

करडे चौकोन पुसायचे ते आता.

## काहीच मिळालं नाही तर?

थंबनेल टाकू नका. अँड्रॉइड १० पासून ती सहसा 'पिक्चर्स'मधल्या लपलेल्या 'थंबनेल्स' फोल्डरमध्ये असतात, जुन्या फोनमध्ये डीसीआयएमच्या आत. आकार काहीशे पिक्सेलचाच असतो. मोठी फ्रेम होणार नाही, पण फोनवर चेहरा ओळखू येतो. आमच्या २१२ पैकी १७ फोटो आज फक्त थंबनेल म्हणून आहेत, आणि ६ मिळालेच नाहीत. त्या सहांच्या तारखा आम्ही यादीत तशाच ठेवल्या आहेत. उद्या कुणाच्या जुन्या फोनमध्ये त्या दिवसाचे फोटो निघाले, तर कळेल तरी.

## पुन्हा असं होऊ नये म्हणून

महत्त्वाच्या फोटोंच्या तीन प्रती ठेवा: एक फोनमध्ये, एक क्लाउडवर आणि एक लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर. फोटो हलवताना 'मूव्ह' वापरू नका. आधी 'कॉपी' करा, नव्या जागी चार-पाच फोटो पूर्ण मोठे करून बघा, दोन्हीकडची संख्या जुळवा आणि मगच जुने काढा. महिन्यातून एकदा गूगल फोटोजमध्ये 'बॅकअप पूर्ण' असं दिसतंय का ते तपासा.

आणि घरात आई, बाबा, आजी यांचा फोन असेल, तर हा तपास त्यांच्या फोनवर आधी करा. तुमच्या फोटोंच्या प्रती चार मित्रांकडे असतात. त्यांच्याकडचे जुने फोटो बहुतेक वेळा त्या एकाच फोनमध्ये असतात.